करार चांगला की वाईट? आधी हरभरा, कपाशी आणि केळी वेगवेगळी तोला

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकांनी विचारलं आहे: "आमच्या सभासदांकडे कपाशी, केळी आणि हरभरा आहे. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. निम्मे सभासद म्हणतात, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, दुबई यांच्याशी झालेले व्यापार करार शेतकऱ्याला बुडवणार, विरोधाचा ठराव करा. बाकीचे म्हणतात, निर्यातीची दारं उघडली, स्वागताचा ठराव करा. तुमचं मत काय?"

भाऊ, जळगावात २६ वर्षं मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतोय. रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गाठी, डाळ, चटया, पाइप, केळी, सगळ्या मालाचे कागद हातांखालून गेले. माझं मत विचाराल तर यातला एकही ठराव करू नका. तुमच्या सभासदांची तिन्ही पिकं एका करारात घालून तोलली की वजन चुकतं. तिघांची गोष्ट वेगळी आहे आणि एका पिकाच्या बाबतीत तर ज्याला दोष दिला जातो त्याचा त्यात हातच नव्हता.

हरभऱ्यापासून सुरू करतो. ऑस्ट्रेलियाशी आपला करार २ एप्रिल २०२२ ला झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. अशा प्रत्येक करारात एक वगळलेल्या मालाची यादी असते. त्या मालावर आपण कुठलीच सवलत देत नाही. या करारात ती यादी मोठी आहे: दूध आणि दुधाचे पदार्थ, गहू, तांदूळ, बाजरी, साखर, सफरचंद, सूर्यफूल तेल आणि हरभरा. म्हणजे करार करताना आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी हरभऱ्याचं दार बंदच ठेवलं होतं. हरभऱ्यावर तेव्हा ६० टक्क्यांच्या आसपास आयात शुल्क होतं, ते तसंच राहिलं.

मग मे २०२४ मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेने देशी हरभऱ्यावरचं शुल्क शून्य केलं, सगळ्याच देशांसाठी, ३१ मार्च २०२५ पर्यंत. ऑस्ट्रेलियाचा हरभरा निघतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. तो बोटीत भरून आपल्याकडे पोहोचेपर्यंत इथे घाटे भरत असतात. आपला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार समितीत येतो तेव्हा डाळ मिलवाल्यांची गोदामं आधीच भरलेली असतात. शेतकरी विचारतो, भाव काबरं पडना (का बरं पडला)? कोणीतरी सांगतं, ऑस्ट्रेलियाचा करार. पण तो करार तर हरभऱ्याला हातही लावत नव्हता. जे झालं ते दिल्लीतल्या एका कागदाने झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून १० टक्के शुल्क परत लागलं तेही तशाच एका कागदाने.

यात सरकारची बाजूही खरी आहे, ती सभेत झाकू नका. त्या वर्षी डाळी महागल्या होत्या आणि शेतमजुराच्या घरातही डाळ विकतच येते. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलना कच्चा माल मिळाला, तिथल्या कामगारांची पाळी चालू राहिली. तुमच्याच गावातला एक भाऊ हरभरा पिकवत असेल आणि दुसरा डाळ मिलमध्ये हमाली करत असेल. शून्य शुल्काचा अर्थ दोघांसाठी उलटा आहे.

मसुरीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्याच करारात ऑस्ट्रेलियाच्या मसुरीला वर्षाला दीड लाख टनांपर्यंत निम्म्या शुल्काची सवलत आहे. पण २०२२ नंतर मसुरीवरचं शुल्क जवळजवळ सगळ्या देशांसाठी शून्यच होतं. शून्याच्या निम्मं शून्यच. करारात लिहिलेल्या सवलतीला मार्च २०२५ पर्यंत, म्हणजे १० टक्के शुल्क परत लागेपर्यंत, काहीच अर्थ नव्हता. पेपरात मात्र "मसूर सवलत" अशी बातमी होती आणि लोक तिच्यावर भांडत होते.

करार आणि अधिसूचना यांतला हा फरक सभासदांना समजला तर अर्धं काम झालं. करार म्हणजे दोन देशांनी एकमेकांना दिलेलं वचन: या मालावर या वर्षी इतक्याच्या वर शुल्क लावणार नाही. ते वचन एकदा दिलं की पुढची पंधरा-वीस वर्षं मागे घेणं अवघड. अधिसूचना म्हणजे सरकारचा आजचा निर्णय. रात्री निघते, सकाळी लागू होते, तीन महिन्यांनी बदलते. करारामुळे पुढच्या सरकारचे हात बांधले जातात, हे त्याचं खरं नुकसान. पण तो वर्षानुवर्षांचं वेळापत्रक आधीच छापून देतो. कोणत्या वर्षी किती टक्के कमी होणार, कोटा किती, हे शेतकऱ्याला पाच वर्षं आधी वाचता येतं. माझ्या अनुभवात आपल्या भागाला शेतमालात जे धक्के बसले त्यांतले बहुतेक अधिसूचनांचे होते. करारांवर जेवढं बोललं जातं त्याच्या दहाव्या हिश्शानेही त्यांच्यावर बोललं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पामतेलाचंही तसंच. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी आपला मालाचा करार १ जानेवारी २०१० पासून आहे. त्यात कच्च्या पामतेलावर आपण ३७.५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावू शकतो. प्रत्यक्षात मे २०२५ मध्ये मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. भुईमूग, सोयाबीन, सरकी पिकवणाऱ्याला त्रास झाला असेल तर तो कराराने नाही; करारातली वरची मर्यादा या १० टक्क्यांच्या फार वर रिकामीच पडून होती.

आता कपाशी, कारण तुमच्या सभेत खरा आवाज तिथेच चढणार.

ऑस्ट्रेलियाच्या करारात कापसाला शुल्कमुक्त कोटा आहे: वर्षाला ५१,००० टन, तोही २८ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याचा. एक गाठ १७० किलोची, म्हणजे हा कोटा बरोबर ३ लाख गाठींचा. देशात एका हंगामात साधारण ३०० लाख गाठी रुई होते. शंभरात एक. एवढ्याने कपाशीचा भाव पडत नाही, आणि तो धागाही बऱ्याच अंशी आपल्या धाग्यापेक्षा वरच्या दर्जाच्या कापडासाठी जातो.

याच्याशेजारी १९ ऑगस्ट २०२५ ची अधिसूचना ठेवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर एकूण ११ टक्के आयात शुल्क लावलं होतं. ते पूर्ण माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, आणि आठ-दहा दिवसांतच मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. कोणत्याही देशातून, कितीही माल. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं तेच ते दिवस. कापड उद्योगाला स्वस्त रुई देऊन सावरायचा तो प्रयत्न होता. आपल्याकडे मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या बागायती कपाशीची वेचणी सप्टेंबरात सुरू होते आणि कोरडवाहूची दसरा-दिवाळीत. माफीची मुदत आणि आपली वेचणी एकमेकींवर तंतोतंत बसली.

याचं पैशात काय होतं, ते सभेत फळ्यावर मांडा. समजा बाहेरची रुई बंदरात ५५,००० रुपये खंडीने पडते. खंडी ३५६ किलोची. ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये, किलोला साधारण १७. एक क्विंटल कपाशीतून जिनिंगमध्ये ३४ किलोच्या आसपास रुई निघते. ३४ गुणिले १७, म्हणजे क्विंटल कपाशीमागे पावणेसहाशे रुपये. सगळाच फरक शेतकऱ्याच्या भावात उतरतो असं नाही, सरकीचा भाव, धाग्याची मागणी, गाठींचा साठा हेही मध्ये असतं. पण वरची भिंत किती उंच होती आणि ती काढल्यावर किती जागा मोकळी झाली, हे या आकड्यातून कळतं.

खाली हमीभावाचा आधार होता: २०२५-२६ साठी लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये. पण तो मिळतो सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर, नोंदणी करून, ओलावा मर्यादेत असेल तर. दिवाळीच्या तोंडावर उधारी फेडायची म्हणून खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, माल घालणाऱ्याला तो आधार नसतो. त्याचा भाव व्यापाऱ्याच्या मोबाइलवर अधिसूचना आली त्याच दिवशी उतरतो. म्हणून मी नेहमी विचारतो, तुमच्या सभासदांपैकी किती जण डिसेंबरच्या आत खेडा खरेदीत विकतात? आयातीचा फटका किती बसेल याचं उत्तर त्या संख्येत आहे.

आणि इथेही दुसरी बाजू आहे. शिरपूर, शहादा पट्ट्यातल्या सूतगिरण्यांना रुई परदेशी गिरण्यांपेक्षा महाग पडली तर त्या पाळ्या कमी करतात. गिरणी बंद पडली तर उद्या आपली रुई घेणारं जवळचं गिऱ्हाईकही जातं. अमळनेरच्या आणि जळगावच्या जुन्या गिरण्यांच्या आठवणी अजून घराघरात आहेत, तेव्हा हे समजावून सांगायला वेळ लागू नये. आपली खरी अडचण उत्पादकतेची आहे. देशाची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास अडकली आहे. जगाची सरासरी तिच्या जवळजवळ दुप्पट, आणि ब्राझील, ऑस्ट्रेलिया तर चौपटीच्या घरात. बोंडअळीने पोखरलेल्या कपाशीला ११ टक्क्यांची भिंत किती वर्षं वाचवणार? मी शुल्काच्या बाजूचा आहे, पण शुल्काच्या आडोशाला मिळालेला वेळ बियाण्यावर आणि पाण्यावर खर्च झाला नाही, हेही तितक्याच जोराने सांगेन.

परदेशातल्या घडामोडीने खान्देशातला भाव हलणं नवं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आपल्या भागात कपाशीचं सोनं झालं. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तेव्हा कुठला करार नव्हता.

आता केळी. इथे मी स्वागताच्या बाजूच्यांना थोडं थांबवणार आहे.

अरब अमिरातीशी, म्हणजे दुबईच्या देशाशी, करार १ मे २०२२ पासून लागू आहे. पण आपली केळी त्याआधीच तिकडे जात होती. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची, भौगोलिक मानांकन असलेली २२ टन केळी २०२१ मध्येच दुबईला रवाना झाली होती. इराण, इराक, ओमान इथेही आपली केळी कराराविना गेली. अमिराती, ओमानसारख्या आखाती देशांत तर सर्वसाधारण आयात शुल्कच ५ टक्के आहे. ते शून्य झालं तरी वाचणार जास्तीत जास्त पाच. केळीचं गणित त्या पाच टक्क्यांत ठरत नाही. ते ठरतं बागेत, पॅकहाउसमध्ये आणि कंटेनरच्या तापमानात.

जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते, आणि सगळ्यात जास्त निर्यात करतो इक्वेडोर. मधलं अंतर शुल्काचं नाही. केळफूल वेळेवर तोडलं का, खालच्या फण्या काढल्या का, घडाला स्कर्टिंग बॅग (झाकायची पिशवी) घातली का, फण्यांमध्ये फोम ठेवला का, घड खांद्यावर टाकून आणला की तारेवरून, चीक निघेपर्यंत तुरटीच्या पाण्यात फणी ठेवली का, बॉक्समध्ये १३ किलो नीट बसले का, आणि न्हावा-शेव्यापर्यंत साडेतेरा अंशांची साखळी तुटली का. यातली एक गोष्ट चुकली तर वीस टनांचा कंटेनर तिकडे काळ्या डागांसह उघडतो. कोणताही करार तो डाग पुसत नाही.

युरोप-ब्रिटनची गोष्ट करणाऱ्यांना आणखी दोन प्रश्न विचारा. फवारलेल्या औषधांच्या अंशाची तपासणी आपल्या सभासदांच्या किती बागा उत्तीर्ण होतील? आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या बोटींचे जास्तीचे दिवस केळी सहन करेल का? शुल्क शून्य असलं तरी तिथला खरेदीदार ते अंश पाहूनच माल घेतो. हरण्या या विषाणू रोगाने बाग गेली तर निर्यातीचा करार हातात ठेवून काय उपयोग? म्हणून केळीच्या बाबतीत कराराकडून फार मागू नका. रोगमुक्त रोपं, पॅकहाउस आणि तपासणीची सोय जवळ असणं, यांचं वजन जास्त आहे.

करारातून खरा फायदा मिळू शकतो तिथे तो आपोआप येत नाही. आयातीचा माल आपल्या बाजारात स्वतः चालत येतो; त्यासाठी शेतकऱ्याला काही भरावं लागत नाही. निर्यातीची सवलत मात्र कागद भरून, नेमका एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा जगभर चालणारा क्रमांक) लिहून, माल इथलाच असल्याचा मूळ देशाचा दाखला काढून मागावी लागते. अमिरातीचा करार लागू झाला त्या वर्षी आमच्याकडच्या एका चटईवाल्याचा कंटेनर गेला. चटई विणलेली म्हणायची की प्लॅस्टिकची वस्तू, या प्रश्नावर दाखल्यातला कोड एक पडला आणि तिकडच्या खरेदीदाराने भरलेला कोड दुसरा. तिकडच्या कस्टमने सवलत नाकारली. खरेदीदाराने ५ टक्के भरले आणि पुढच्या ऑर्डरमधून ते कापून घेतले. चटईच्या धंद्यात सुटतातच चार-पाच टक्के. खरेदीदाराशी कोड आधी जुळवून घ्या, असं मी आग्रहाने सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती चूक माझी. तेव्हापासून लेखी होकार आल्याशिवाय मी दाखल्याचा अर्ज भरत नाही.

उलट दिशेनेही मूळ देशाचा नियम महत्त्वाचा आहे. श्रीलंकेशी करार २००० मध्ये लागू झाल्यावर बाहेरचं पामतेल तिथे नेऊन वनस्पती तूप करून आपल्याकडे कमी शुल्कात पाठवण्याचा धंदा फोफावला आणि शेवटी कोटा लावावा लागला. सोन्याच्या बाबतीत अमिरातीच्या करारानंतर प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नावाखाली सोनं आलं, तेही रोखावं लागलं. सप्टेंबर २०२० पासून आयातदाराला मालाच्या मूळ देशाचा पुरावा स्वतःकडे ठेवावा लागतो. करारात शुल्क किती हे सगळे वाचतात. मूळ देशाचं प्रकरण कोणी वाचत नाही, आणि खरी गळती तिथूनच होते.

ब्रिटनच्या कराराबद्दल थोडक्यात. २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. तेव्हा आपल्या तयार कपड्यांवर तिथे ९ ते १२ टक्के शुल्क होतं आणि बांगलादेशचा माल शून्याने जात होता. हा फरक मिटणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मी तिचं मनापासून स्वागत करतो. पण तो फायदा आधी तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या कपडे कारखान्याला, मग सूतगिरणीला आणि शेवटी कपाशीला. आणि त्या कपड्यातली रुई आपलीच असेल याची हमी नाही. आयात रुई शुल्कमुक्त असेल तर ती ब्राझीलचीही असू शकते. म्हणजे एक करार वरच्या टोकाला देतो ते एक अधिसूचना खालच्या टोकाला काढून घेऊ शकते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय चोपड्याच्या शेतकऱ्याला काय मिळालं हे कळत नाही.

दुधाबद्दल सभासद विचारतीलच. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आरसेप या मोठ्या आशियाई करारातून माघार घेतली, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची भीती हे एक मोठं कारण होतं. ती माघार मला तेव्हाही बरोबर वाटली आणि आजही वाटते. दोन-तीन जनावरांवर घर चालवणाऱ्या माणसाला पावडरच्या जागतिक भावाशी झुंजायला लावणं अन्याय आहे.

तर ठराव काय करायचा? "विरोध" किंवा "स्वागत" लिहून पाठवलेला ठराव कोणत्याही टेबलावर फार वेळ थांबत नाही. मालाचं नाव आणि महिना असलेला ठराव थांबतो. मी असतो तर असं लिहिलं असतं: कापसावरची शुल्कमाफी १ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी या काळात देऊ नये, आणि हरभऱ्यावरची १ जानेवारी ते ३० एप्रिल. गिरण्यांना आणि डाळ मिलना गरज असेल तर ती माफी बाकीच्या महिन्यांत आणि ठरावीक टनांपुरती असावी. माफी देण्याआधी किमान साठ दिवसांची सूचना असावी, म्हणजे शेतकऱ्याला विकायचं की ठेवायचं हे ठरवता येईल. पुढच्या करारांत हरभरा आणि दूध वगळलेल्या यादीतच राहावं. केळीसाठी तालुक्यात औषध-अंश तपासणीची सोय.

सभेच्या आधी दोन कामं उरकून ठेवा. तुमच्या प्रत्येक मालाचा आठ आकडी कोड काढा आणि गेल्या दोन वर्षांत सभासदांनी कोणत्या महिन्यात, कुठे, किती विकलं याची यादी करा. ती यादी घेऊन या. कोणत्या करारात कोणत्या रकान्यात काय आहे ते शेजारी बसून लावून देतो.